फोटोला मनाई कुणाची, कशासाठी?

रविवारी बेळगावात खासबागचा बाजार भरतो. रस्त्याकडेला पोती अंथरून भाजीचे वाटे मांडलेले असतात. गेल्या पावसाळ्यात तिथे एक तरुण मोबाईल पुढे धरून एका भाजीवाल्या मावशींचा व्हिडिओ काढत होता. मावशींनी तराजू खाली ठेवला, पदर तोंडावर ओढला आणि म्हणाल्या, "कशाला काढालायस रे बाळा? काय घ्यायचं ते घे आणि जा." पोरगा हसला आणि काढतच राहिला. आजूबाजूचे आम्ही नुसते बघत उभे. मावशींच्या पोत्याशेजारी मनाईचा बोर्ड नव्हता ना!

बाकी बोर्डांना आपल्याकडे तोटा नाही. 'फोटो काढण्यास सक्त मनाई' हे देवळात असते, बँकेत असते, सरकारी कचेरीत असते. पण ही मनाई कुणी केली, कोणत्या कायद्याने केली, हे खाली क्वचितच लिहिलेले दिसते. त्या रविवारनंतर मी या मनाईचा माग काढायला लागलो.

सार्वजनिक जागी फोटो काढूच नये, असा सरसकट कायदा भारतात नाही. चौकातल्या पुतळ्याचा किंवा एखाद्या इमारतीचा फोटो काढायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेच मोकळीक दिली आहे. मनाई आहे ती ठरावीक जागांना. लष्करी ठाण्यांसाठी १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट आहे. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि साम्ब्र्याला विमानतळ असल्यामुळे बेळगावकराला हे नवे नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी विमानतळापासून १२ किलोमीटरपर्यंत ड्रोनवर बंधने घातली. खासबागही त्यातच येते, त्यामुळे इथल्या लग्नात ड्रोन उडवण्याआधी नकाशा बघावाच लागतो. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. कारण स्पष्ट आहे, नियम छापलेला आहे.

पण हाच १९२३ चा कायदा भलतीकडेही लावला जातो. २०१८ मध्ये वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात एका माणसाने मोबाईलवर व्हिडिओ काढला. शेजाऱ्याशी झालेल्या भांडणातून तो तिथे गेला होता. पोलिसांनी त्याच्यावर थेट ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल केला. म्हणजे हेरगिरी रोखण्यासाठी केलेला कायदा शेजाऱ्यांच्या तंट्यात वापरला! २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. कायद्यात निषिद्ध ठिकाणांची व्याख्या दिलेली आहे आणि तिच्यात पोलीस ठाणे बसत नाही, असे न्यायालयाने सांगितले. हा निकाल ठाण्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. पण त्यासाठी त्या माणसाला चार वर्षे गुन्हा अंगावर वागवावा लागला.

विधानसभेचे उदाहरण तर आपल्या राज्यातले. ऑक्टोबर २०१९ मध्ये कर्नाटक विधानसभेचे अध्यक्ष विश्वेश्वर हेगडे कागेरी यांनी खासगी वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना सभागृहात बंदी केली. वाहिन्यांनी सरकारी चित्रणच वापरावे, असे ठरले. त्याच विधानसभेत फेब्रुवारी २०१२ मध्ये मंत्री मोबाईलवर अश्लील चित्रफीत बघत असल्याचे खासगी वाहिनीच्या कॅमेऱ्यानेच लोकांसमोर आणले होते आणि तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले होते. त्यांपैकी लक्ष्मण सवदी आपल्या अथणीचे. मनाई कुणाची अब्रू वाचवते, ते इथे उघड दिसते. ही बंदी मला मुळीच मान्य नाही.

देवळांचे मात्र वेगळे आहे. जुलै २०२३ मध्ये कर्नाटकाच्या मुजराई खात्याने आपल्या अखत्यारीतल्या देवळांत मोबाईल वापरायला बंदी केली. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जाणाऱ्या मराठी भाविकांनाही ती लागू झाली. गाभाऱ्यासमोर हात वर करून मोबाईल धरला की मागच्या म्हातारीला देवी दिसत नाही, आणि तिने त्या दर्शनासाठी रात्रभर प्रवास केलेला असतो. ती मनाई मला पटते. पण २०२४ च्या गणेशोत्सवात मुंबई पोलिसांनी विसर्जनानंतर किनाऱ्यावर आलेल्या अर्धवट विरघळलेल्या मूर्तींचे फोटो काढून पसरवायला मनाई केली. भावना दुखावू नयेत, हा त्यामागचा हेतू समजतो. तरीही मला ती पटत नाही. पीओपीच्या मूर्तीचे पाण्यात काय होते, ते फोटोशिवाय लोकांना कळणार कसे?

मनाई कमीही करता येते. २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने देशभरातली केंद्रीय संरक्षित स्मारके फोटोसाठी खुली केली. अपवाद तीनच ठेवले : अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली मुख्य कबर.

आता त्या मावशी. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणाऱ्याला शिक्षा देते. भर बाजारात भाजी विकणे त्यात येत नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, पण त्या निकालाची प्रत घेऊन कुणी बाजारात बसत नाही. मावशींच्या हातात होता तो पदर. त्यांनी तो तोंडावर ओढला, तेव्हाच मनाई झाली होती. आम्हालाच ती वाचता आली नाही.

बोर्ड लावणाऱ्यांनी त्याखाली कायदा, कारण आणि अधिकाऱ्याचे पद लिहावे, एवढी मागणी आपण आपल्या नगरसेवकापासून आमदारापर्यंत करू या. आणि खासबागच्या बाजारात मोबाईल वर करण्याआधी विचारा, "मावशी, काढू का?" नको म्हणाल्या तर मोबाईल खिशात ठेवा.