‘बर्सर्क’ : काउंटने जे नाकारलं, ते ग्रिफिथने स्वीकारलं

मागच्या वेळी म्हटल्याप्रमाणे आज एकाच चित्रकथेबद्दल बोलायचं आहे. केन्तारो मिउरा या जपानी चित्रकाराची ‘बर्सर्क’. १९८९ साली ती मासिकातून सुरू झाली. २०२१च्या मे महिन्यात मिउरा गेले, वय फक्त ५४, आणि तेव्हाही ती संपलेली नव्हती. म्हणजे बत्तीस वर्षं हा माणूस एकच गोष्ट सांगत होता.

आधीच सांगून ठेवतो, ही मुलांच्या हातात द्यायची गोष्ट नाही. आणि पुढे मी कथेतली मोठी गुपितं फोडणार आहे. ज्यांना कोरं राहून वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं, मला वाईट वाटणार नाही.

पहिला खंड मी वाचला तेव्हा मला तो आवडला नव्हता. नायक गट्स. एक डोळा नाही, एक हात लोखंडाचा, पाठीवर माणसाच्या उंचीहून मोठी तलवार. राक्षस मारत हिंडतो, मध्ये कोण मेलं याची त्याला फिकीर नाही. मानेवर एक खूण डागलेली आहे, आणि भुतंखेतं जवळ आली की तिच्यातून रक्त वाहतं. आपल्याला लगेच अश्वत्थामा आठवतो. पण अश्वत्थाम्याची जखम ही त्याच्या पापाची शिक्षा आहे. गट्सची खूण म्हणजे बळी म्हणून वाहिलेल्या जनावरावर मारतात तसा शिक्का. कोणी वाहिलं याला? तर त्याच्या जिवलगानं. पण हे आपल्याला नंतर कळतं.

आता बघा मिउरांनी काय केलंय. तिसऱ्या खंडात एक काउंट आहे, राक्षस झालेला. मरणाच्या दारात असताना त्याला पारलौकिक शक्ती विचारतात, तुझ्या सर्वांत जवळच्या माणसाचा बळी दे, पुन्हा जगशील. यानं पूर्वी हाच सौदा बायकोच्या जिवावर केलेला आहे. आता समोर मुलगी आहे. आणि हा राक्षस नाही म्हणतो! नरकात ओढला जातो, पण मुलीचा बळी देत नाही. ती मुलगी गट्सवर सूड घेण्याची शपथ घेते. तो तिला वरून बेपर्वाईनं बोलतो, पाठ फिरवतो, आणि तेव्हा आपल्याला दिसतं की त्याच्या डोळ्यांत पाणी आहे.

पहिल्या वाचनात मी हे भराभर उलटून पुढे गेलो होतो. कारण लगेच भूतकाळ सुरू होतो, थेट गट्सच्या जन्मापासून, आणि दहा-एक खंड चालतो. तरुण गट्स, भाडोत्री सैनिकांची ससाण्याची टोळी, तिचा देखणा, महत्त्वाकांक्षी सरदार ग्रिफिथ, आणि कास्का, तलवारीत भल्याभल्यांना भारी पडणारी. हा भाग इतका रमवतो की आपण सुरुवातीचा एकडोळ्या माणूस विसरतो.

कथेचं कुलूप एका संवादात आहे. ग्रिफिथ राजकन्येला सांगतो की माझ्या मागे चालणाऱ्यांना मी मित्र म्हणत नाही. ज्याला स्वतःचं स्वप्न आहे, जो माझ्या बरोबरीनं उभा राहील, तो मित्र. गट्स हे लपून ऐकतो. त्याला ग्रिफिथचा मित्र व्हायचंय, म्हणून तो टोळी सोडतो! त्याआधी बर्फात दोघांचं द्वंद्व होतं, ग्रिफिथ हरतो. आणि मग तो माणूस आतून कोसळतो. त्याच रात्री राजकन्येकडे जातो, पकडला जातो, वर्षभर छळ सोसतो. सुटका होते तेव्हा हातापायांच्या शिरा तोडलेल्या, जीभ कापलेली. याच अवस्थेत त्याला तोच प्रश्न विचारला जातो, जो काउंटला विचारला होता.

आणि तो हो म्हणतो.

दुसऱ्या वाचनात मला इथे तिसरा खंड आठवला आणि पुस्तक मिटून ठेवावं लागलं. राक्षसानं जे नाकारलं ते आपल्या लाडक्या माणसानं स्वीकारलं. मिउरांनी मोजपट्टी आधीच आपल्या हातात दिली होती, आपलंच लक्ष नव्हतं.

त्यानंतरच्या संहारात जवळजवळ सगळी टोळी मरते. गट्सच्या डोळ्यांदेखत ग्रिफिथ कास्कावर अत्याचार करतो. या पानांबद्दल माझी तक्रार आहे आणि ती कायम राहील. आपण ते गट्सच्या बाजूनं पाहतो, जणू ही त्याच्यावर कोसळलेली आपत्ती आहे. कास्काची मती जाते, आणि ती बोलणारं, निर्णय घेणारं पात्र म्हणून परतते २०१८च्या सुमारास. वीसहून जास्त वर्षं! तेवढ्या काळात कथेतली सर्वांत कणखर स्त्री सांभाळायची वस्तू होऊन राहिली. हे मला चुकीचं वाटतं.

पण न्यायानं पुढचंही सांगितलं पाहिजे. कास्का भानावर येते तेव्हा गट्सला पाहू शकत नाही. त्याचा चेहरा दिसला की तिला ती रात्र दिसते. ज्याच्यासाठी तो इतका चालला ते मिळालं, आणि त्यालाच दूर उभं राहावं लागतं. इथे मिउरांनी कास्काच्या जखमेला गट्सच्या तपश्चर्येचं बक्षीस होऊ दिलं नाही.

एक चिठ्ठी आली आहे : मिउरा गेल्यानंतरचं वाचावं का? कौजी मोरी हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, स्वतः मांगाकार. मिउरांनी शेवटापर्यंतची कथा त्यांना तोंडी सांगितली होती. २०२२च्या जूनपासून मोरींच्या देखरेखीखाली मिउरांचे सहायक पुढचं काढतात. मोरींनी तेव्हाच जाहीर केलं की मिउरा जे बोलले तेवढंच देईन, पदरचं घालणार नाही. चित्रांत फरक जाणवतो, विशेषतः डोळ्यांत. मी मात्र वाचतोय. मित्राचा घात करणाऱ्या माणसाची ही गोष्ट आता एक मित्र आठवून आठवून पुरी करतोय, आणि प्रत्येक प्रकरण उघडताना हे माझ्या डोक्यात असतं. बाकीच्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी घेऊ.