विजेविना खर्ज : अकूस्टिक बास गिटार निवडताना

घरातील तरुण मंडळी गिटार घेऊन गाऊ-वाजवू लागली, की लवकरच त्यांना खर्जाचा आधार देणारे वाद्य हवेसे वाटते. ध्वनिवर्धकाची कटकट नको म्हणून अकूस्टिक बास गिटारची मागणी होते. मात्र विजेविना वाजणारे प्रत्येक वाद्य चारचौघांत ऐकू येतेच असे नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी माल पारखून घ्यावा.

बासच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. साध्या गिटारच्या जाड तारेच्या नेमका निम्मा. इतका खालचा स्वर हवेत पसरण्यास मोठी, खोल पेटी लागते. डबल बास माणसाहून उंच असतो तो याचमुळे. मेक्सिकोतील मारियाची वादकांच्या गितारोनची पाठही फुगीर व पेटी खोल असते. त्यावरून स्फूर्ती घेऊन अमेरिकेतील अर्नी बॉल यांनी १९७२ साली ‘अर्थवुड’ हा बास बाजारात आणला; त्याची पेटी ८ इंचांहून अधिक खोल होती. आज दुकानात मिळणारे बहुतेक बास याहून बरेच उथळ असतात. त्यांचा खर्ज मांडीवर घेऊन वाजविणाऱ्यास जाणवतो, समोर बसलेल्यास नाही.

तेव्हा परीक्षा अशी घ्यावी. सोबत एक गिटारवादक न्यावा. त्याने नेहमीच्या जोराने गिटार वाजवावी, दुसऱ्याने बास. आणि आपण दहा पावले दूर उभे राहून ऐकावे. जाड तारेवरील स्वर स्पष्ट उमटले, तरच पुढची बोलणी करावीत. फॉस्फर ब्राँझच्या नव्या तारांनी आवाज अधिक खुलतो. नायलॉनचे वेष्टन असलेल्या तारा मृदू, पण मंद असतात. विजेविनाच वाजवायचे असेल, तर आतील पिकअपसाठी जादा रक्कम देण्यात अर्थ नाही.

आपल्या घरांसाठी आणखी एक चौकशी आवश्यक आहे. तारा ज्यांवर टेकतात ते नट आणि सॅडल काही वाद्यांत प्राण्याच्या हाडाचे असतात, तर पट्टा चामड्याचा असू शकतो. कृत्रिम पदार्थाचे नट-सॅडल आणि कापडी पट्टा सहज मिळतात; विक्रेत्यास स्पष्ट विचारून मगच व्यवहार करावा.

एका हळुवार गिटारीच्या साथीस चांगला अकूस्टिक बास पुरतो. दोन-तीन गिटारी आणि ढोलकी असेल, तर तो दबून जाणार. अशा वेळी साधा इलेक्ट्रिक बास आणि छोटा ध्वनिवर्धक घेणे हाच शहाणपणाचा सौदा ठरतो.