सहभाडेकरूंचा जामीनदार

कर्जाच्या कागदपत्रांवर जामीनदाराची सही लागते, हे बँकेच्या ग्राहकांस नवे नाही. स्वतःचे घर भाड्याने देताना मात्र जामीनकीची व्यवस्था बहुधा घाईतच उरकली जाते. समजा, लखनौ छावणीतील एक घर तिघा नोकरदार तरुणांनी मिळून दरमहा २४ हजार रुपये भाड्याने घेतले आणि त्यांपैकी एकाच्या साताऱ्यातील वडिलांनी मुलासाठी हमी दिली.

राज्याचा भाडेकायदा छावणीत आपोआप लागू होत नाही. १९५७ च्या कायद्यान्वये केंद्र सरकारची अधिसूचना त्यासाठी आवश्यक असते. जामीनकीस मात्र तेथेही भारतीय करार कायदा, १८७२ हाच आधार आहे. त्याच्या कलम ४३ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसल्यास, संयुक्त भाडेकरूंपैकी कोणा एकाकडून संपूर्ण भाडे मागता येते आणि कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारीही तेवढीच असते. वडील समजतात, आपण आठ हजारांना जामीन. कागद मात्र २४ हजारांचा असतो. हमीची कमाल रक्कम व मुदत म्हणूनच जामीनपत्रात स्पष्ट लिहावी.

खरी अडचण पुढेच येते. एका भाडेकरूची बदली होते, त्याच्या जागी दुसरा येतो, किंवा भाडे वाढते. जामीनदाराच्या संमतीवाचून करारात असा बदल झाल्यास कलम १३३ अन्वये नंतरच्या व्यवहारांपुरता तो मुक्त होतो. घरमालकास हे कळते ते बहुधा थकबाकी साचल्यावर! संमतीपत्र टपालाने मागविले तरी चालते. बदलाच्या तारखेपूर्वी ते सहीनिशी हाती असावे.