फार्शीचे मास्तर, मराठीची गझल

उर्दू गझलेचा आद्य कवी म्हणून ज्याचे नाव घेतात तो वली औरंगाबादचा. त्याची परंपरा मराठीत शास्त्रशुद्ध रुजवणारा माणूस मात्र कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत होता. माधव त्र्यंबक पटवर्धन, अर्थात माधव जूलियन. जन्म बडोद्याचा, २१ जानेवारी १८९४. पेशाने फार्शीचे प्राध्यापक, रविकिरण मंडळाचे कवी.

कोल्हापूरला येण्याआधीच, १९२५ साली, त्यांचा फार्शी-मराठी कोश निघाला होता. पुढे उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी थेट फार्शीतून मराठीत आणल्या आणि १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ दिली. फार्शी वृत्ते मराठी लगक्रमात, म्हणजे लघु-गुरू अक्षरांच्या ठरावीक क्रमात, चपखल बसतात, हे त्यांनी लिहूनच दाखवले. ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली.

मात्र त्यांच्या पुष्कळ गज्जलांत एकच भाव सलग वाहतो. प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असावा, ही उर्दूची अट मराठीत पक्की झाली ती सुरेश भटांच्या काळात. गंमत अशी, की हेच कोशकार पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि स्वतःच्या जुन्या कवितांतले फार्शी शब्द वेचून काढू लागले. कवितेचे त्यात नुकसानच झाले, असे आमचे मत.

१९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.