ही लांबी कुणी सांगितली?

ओपनएसएसएल ही इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी लायब्ररी. ३१ डिसेंबर २०११ रोजी तिच्या कोडमध्ये एक छोटी सोय दाखल झाली: पलीकडचा संगणक अजून जोडलेला आहे ना, हे विचारून पाहण्याची. एक बाजू म्हणते, ‘हा शब्द घे, त्याची लांबी इतकी, तोच परत पाठव.’ सर्व्हर सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवायचा. शब्द एका अक्षराचा आणि लांबी ६४ हजार सांगितली, तर मेमरीत त्या अक्षरापुढे जे पडलेलं असेल ते उचलून द्यायचा. त्यात कुणाचे पासवर्डही असू शकत. एप्रिल २०१४ मध्ये ही चूक ‘हार्टब्लीड’ या नावाने जगजाहीर झाली.

हा कोड रिव्ह्यूशिवाय आत गेला नव्हता. दुसऱ्या जाणकाराने तो वाचला होता. म्हणूनच ‘रिव्ह्यू केला का?’ यापेक्षा ‘कसा केला?’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याचं शिस्तशीर उत्तर आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये मांडलं. साधारण चार माणसं: डिझाइन करणारा, कोड लिहिणारा, टेस्टर आणि बैठक चालवणारा मॉडरेटर. आधी विषयाची ओळख, मग प्रत्येकाने एकट्याने वाचन, मग बैठक, दुरुस्ती आणि शेवटी दुरुस्तीची खातरजमा. बैठक दोन तासांच्या वर न्यायची नाही, कारण त्यानंतर डोळे नुसते ओळींवरून फिरतात.

बैठकीत एक जण ‘वाचक’ असतो. तो कोड जसाच्या तसा वाचत नाही, प्रत्येक ओळ काय करते ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. हे काम ज्याने कोड लिहिला त्याच्याकडे नसलेलं बरं. त्याला कागदावरचं दिसत नाही, मनातलं दिसतं. हार्टब्लीडचा तुकडा असा वाचून पाहा. ‘आलेल्या संदेशातून दोन बाइट वाचून लांबी घेतली. मग तेवढे बाइट उत्तरात कॉपी केले.’ इथे कुणालातरी थांबवायला जागा मिळते: ही लांबी कुणी सांगितली? समोरच्याने. तेवढा मजकूर खरोखर आला का, ते कुठे पाहिलं? हा प्रश्न तिथे निघालाच असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मनातल्या मनात वाचताना तो गिळला जातो आणि तोंडाने सांगताना माणूस त्यावर अडखळतो, एवढं नक्की.

बैठकीत चूक फक्त नोंदवायची, सोडवत बसायचं नाही. एकदा उपायावर चर्चा रंगली की उरलेली पानं तशीच राहतात. सापडलेल्या चुका मोजून कुणाचं वार्षिक मूल्यमापनही करायचं नाही, हे फेगन यांनी बजावून ठेवलं होतं. तसं केलं की माणसं चुका दाखवणं सोडून लपवू लागतात.

आज बैठकीची जागा बहुतेक ठिकाणी पुल रिक्वेस्टने, म्हणजे ‘माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ या विनंतीने, घेतली आहे. वेग मात्र माणसाचाच आहे. फेगन यांच्या १९७६ च्या लेखात तो तासाला शे-दीडशे ओळींच्या आसपास होता. सिस्को कंपनीतल्या रिव्ह्यूंच्या अभ्यासातून एका वेळी २०० ते ४०० ओळींची मर्यादा पुढे आली. हजार ओळींची पुल रिक्वेस्ट आली तर ती तोडून मागावी, त्यात संकोच नको. मोकळ्या जागा आणि कंस मशीनला तपासू द्यावेत.

आणि वाचताना शेजारी मूळ तपशील उघडा हवा. ओपनएसएसएलमधल्या त्या विचारून पाहण्याच्या सोयीचं मानक, आरएफसी ६५२०, फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. सांगितलेली लांबी फार मोठी असेल तर संदेश काही न बोलता टाकून द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ओपनएसएसएलची चूक असलेली आवृत्ती त्यानंतर, मार्चमध्ये बाहेर पडली.