तुमचे पार्सल आले आहे!

दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरांतून एक गंमत चाललेली असते. मुलीने बंगळूरहून आकाशकंदील धाडलेला असतो, सूनबाईंनी साडी मागवलेली असते, नातवाचे कसलेसे खेळणे वाटेत असते; आणि कोणते पार्सल कधी येणार, हे घरातल्या एकालाही धड ठाऊक नसते. लबाडांना हवी असते ती नेमकी हीच वाट पाहण्याची अवस्था.

मग एक ईमेल येते, किंवा मोबाइलवर संदेश येतो. 'आपले पार्सल गोदामात आले आहे. पत्ता अपुरा असल्याने पोचवता आले नाही. ४८ तासांत दुरुस्ती करा, नाहीतर ते परत जाईल.' २०२४ साली भारतीय टपाल खात्याच्या नावाने असे संदेश इतके फिरले, की ते खोटे असल्याचे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला जाहीर करावे लागले.

पार्सलाच्या नावाखाली फसवणे तसे जुनेच. आपल्याकडे १८७७ साली व्ही.पी.ची सोय सुरू झाली. पैसे मोजायचे आणि पार्सल सोडवून घ्यायचे. आत घड्याळाऐवजी विटेचा तुकडा निघाला, तरी नुकसान व्ही.पी.च्या रकमेपुरते! आजच्या भामट्याला विटेचाही खर्च नाही, आणि आपल्या नुकसानीला मर्यादा नाही.

कशी, ते पाहा. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवले की टपाल खात्यासारखे हुबेहूब पान उघडते. मागणी असते अवघ्या पंचवीस रुपयांची. पंचवीस रुपयांसाठी कोण विचार करीत बसतो? पण त्याला ते पंचवीस रुपये नकोच असतात. हवा असतो कार्डाचा क्रमांक, त्याची मुदत, पाठीमागचे तीन आकडे आणि शेवटी ओटीपी. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचे असेच अठरा हजार रुपये गेले. ओटीपीच्या संदेशात रक्कम स्पष्ट छापलेली होती. बाईंनी घाईत तेवढे सहा आकडे वाचले, वाक्य वाचले नाही.

मी पडलो भाषेचा मास्तर. तेव्हा 'शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की पत्र खोटे समजा' असा सल्ला माझ्याकडून अपेक्षित असेल. पूर्वी तो चालला असता. आता यंत्राकडून बिनचूक मराठीसुद्धा लिहून घेता येते! म्हणून भाषा सोडा, पत्ता वाचा. पाठवणाऱ्याचे नाव काहीही असू शकते. त्यामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहा. दुव्याचेही तसेच. प्रारंभीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि तो शेवटाकडून वाचा. आपल्या नावात जसे आडनाव शेवटी, तसे इथेही घराणे शेवटी कळते. टपाल खात्याचा पत्ता 'इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन'. यातले 'गव्ह डॉट इन' हे आडनाव सरकारी कचेऱ्यांचे. पण त्यापुढे आणखी 'डॉट अमुक डॉट टॉप' असे शेपूट असेल, तर ते घराणे अमुकाचे. टपाल खात्याचे नव्हे. शेजारी कुलपाचे चित्र आहे म्हणूनही भुलू नका. भामट्यांच्या पानावरही ते असते.

हे सारे लक्षात राहणार नसेल, तर एकच नियम पाळा : त्याने दाखवलेल्या वाटेने जायचे नाही. जिथून वस्तू मागवली त्या दुकानाचे ॲप आपल्या हाताने उघडावे, किंवा टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पावतीवरचा क्रमांक घालून पाहावे. पार्सल खरे असेल तर तिथे दिसेलच. परदेशातल्या भेटवस्तूवर सीमाशुल्क भरा म्हणून कोणी खाजगी खात्याचा क्रमांक देऊ लागला, तर तो कस्टम्सचा माणूस नव्हे, हे पक्के समजा.

आणि एवढे करूनही कोणी फसलेच तर? क्षणाचाही विलंब न लावता बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. तक्रार जितकी लवकर, तितकी ते वाटेत अडवण्याची आशा अधिक. आमच्या बाईंनी मात्र दोन दिवस कोणाला सांगितलेच नाही. 'मुले काय म्हणतील?' ही भीती! तोवर रक्कम कुठल्या कुठे गेली होती.

तेव्हा वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पत्ते वाचायला जरूर शिकवा. पण त्याआधी त्यांना एवढे सांगून ठेवा, की काही विपरीत घडले तर निःशंकपणे आम्हाला हाक मारा. आम्ही हसणार नाही, रागावणारही नाही.