आधी चाक, मग पत्रा

मोर्शीहून वर वरुडकडे जा नाहीतर खाली अमरावतीकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा आहेत आणि बागांमधून रोही, म्हणजे नीलगायी, हिंडतात. दिवस मावळला की ते डांबरी रस्त्यावर येतात. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढेही भरतो. पाय उंच असल्यामुळे बंपर त्याच्या पायांना लागतो आणि अंगाचा सगळा भार बोनेटवर आणि काचेवर येतो. रोही नसला तर रानडुक्कर, तेही नसलं तर मागे लाल दिवा नसलेली कापसाची ट्रॉली. धडकेनंतर टोचन लावून गॅरेजपुढे आणलेली गाडी जुनी मारुती ८०० असली, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मिस्त्री भाऊ, किती लागन?"

या प्रश्नाचं खरं उत्तर देणं हाच डेंटिंगच्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, असं मला वाटतं. चेपलेला पत्रा सगळ्यांनाच दिसतो. पत्र्यामागे काय सरकलं, ते मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

मारुती ८०० ची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत दिली गेली. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन, एवढाच तिचा पसारा. जीपला खाली वेगळी चेसी असते, वरची बॉडी उतरवून ठेवली तरी चेसी उभी राहते. मारुतीला अशी वेगळी चेसी नाही. पत्र्याचे घडवलेले भाग एकमेकांना वेल्ड करून जे खोकं तयार होतं, तेच तिचं हाड आणि तीच तिची कातडी. पुढच्या चाकांचे शॉकअप वरच्या टोकाला मडगार्डच्या आतल्या पत्र्यालाच बोल्टने धरलेले असतात. तो आतला पत्रा जरासा मागे गेला, की चाकाचा कोन बदलतो. गाडी एका अंगाला ओढते आणि टायर आतून किंवा बाहेरून झिजत जातो. बाहेरून रंग कितीही चकचकीत केला, तरी ती गाडी वाकडीच चालते.

म्हणून चांगला मिस्त्री हातोडी उचलण्याआधी टेप काढतो. बोनेट, जाळी, दिवे उतरवले की इंजिनची मोकळी जागा समोर येते. डाव्या शॉकअपच्या बोल्टपासून उजवीकडच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत एक माप, उजवीकडून डावीकडे दुसरं. दोन्ही तिरपी मापं जुळली तर खोकं चौकोनात आहे. फरक आला तर आधी ओढकाम. मागची बाजू पक्की बांधायची, पुढे साखळी लावायची आणि पुलरने थोडं थोडं ओढून पुन्हा मापायचं. वाकलेलं लोखंड सोडलं की थोडं मागे येतं, म्हणून मापाच्या किंचित पुढे ओढावं लागतं. जिथे तीव्र घडी पडली आहे तिथला पत्रा कडक झालेला असतो. त्याला पुन्हा पुन्हा वाकवलं की तो तडकतो. तो तुकडा कापून दुसरा वेल्ड करणंच बरं. दाराचा खांब किंवा छत सरकलं असेल, तर ही गाडी आता नको, असं मालकाच्या तोंडावर सांगणारा मिस्त्री मला सगळ्यात मोठा कारागीर वाटतो. त्या वाक्याने त्याचं स्वतःचं काम जातं.

ओढकाम झालं की पत्रा. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरलेली. डॉली थेट घावाखाली धरली तर पत्रा सपाट होतो पण ताणतोही. शेजारी धरून फुगीर भागावर मारलं तर खड्डा आपोआप वर येतो. ताणून सैल झालेला, दाबला की टकटक वाजणारा पत्रा गॅसने रुपयाएवढा लाल करून, हलके ठोकून, ओल्या कापडाने थंड केला की आवळतो. जुन्या गाडीच्या मऊ पोलादाला हा शेक सोसतो. आजच्या गाड्यांच्या सांगाड्यातल्या कडक पोलादाला असा गॅस लावला तर त्याची ताकद जाते. हे काम नीट झालं असेल तर वर लांबीचा (पुट्टीचा) पातळ थर पुरतो. चुंबक लावून पाहावं. जिथे तो चिकटत नाही तिथे खड्डा ठोकून काढलेला नाही, नुसता भरलेला आहे.

पैसे कमी असले की भंगारातून सामान आणावंच लागतं आणि त्यात वावगं काही नाही. बोनेट, दार, दिवे, जाळी, सीट जुनं चालतं. तांब्या-पितळेचा रेडिएटर झाळून घेता येतो. पण टाय रॉडचं टोक, बॉल जॉइंट, ब्रेकचं सामान आणि धडकेत ताणलेला सीट बेल्ट नवाच घ्यावा. वाकलेला लोअर आर्म ठोकून सरळ करू नये. इथे वाचवलेले पैसे सालबर्डीच्या घाटात अंगावर येतात.

विम्याचं म्हणाल, तर नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत एक बोल्टही काढू नये. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी ती गाडी संपूर्ण नुकसानीत धरते. जुन्या गाडीची विमा किंमत इतकी कमी असते की साध्या धडकेतही हा आकडा गाठला जातो. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ ला ते शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालं होतं. दुरुस्तीचा हिशेब करताना या शुल्काचा आजचा दरही धरायला हवा.

रंग सगळ्यात शेवटी. पावसाळ्यातल्या दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून जाणता पेंटर कोरड्या दिवसाची वाट पाहतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक. नाकावर दुपट्टा गुंडाळून ती अडत नाही, त्यासाठी गाळणीचा मास्क लागतो. तो पेंटरच्या तोंडावर नसेल तर गाडीमालकाने विचारावं, आणि नसेल त्याच्याकडे तर बिलात त्याचे पैसे धरावेत.

हात तंग असेल तर पांढऱ्या गाडीला भंगारातलं निळं दार तसंच राहू द्यावं, नुसता प्राइमर मारून, म्हणजे गंज धरणार नाही. आधी अलाइनमेंट करून घ्यावी, सिंभोऱ्याच्या धरणाकडे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून गाडी चालवून पाहावी, ब्रेक दाबल्यावर ती कुठल्या अंगाला जाते ते बघावं. महिन्याभराने टायरवर हात फिरवावा. तो सारखा झिजत असेल, तर बागेतला माल विकल्यावर दाराचा रंग करायला हरकत नाही.